माजघरातून उभं केलेलं नाटक

कुमुद गेली हे मला तिसऱ्या दिवशी कळलं. तिच्या मुलाचा फोन आला. आईच्या वहीत जेवढे नंबर सापडले तेवढ्या सगळ्यांना तो एकेक करून कळवत होता बिचारा. माझं नाव तिथं नुसतं 'सुमन, मुळशी' असं लिहिलेलं. आडनाव नाही, नातं नाही. "मावशी, आई गेली," म्हणाला, आणि मग जरा थांबून, "रागावू नका हं, पण तुम्ही आईच्या कोण?" आता काय सांगावं? मैत्रीण म्हणावं तर एका छपराखाली आम्ही राहिलो ते सव्वा महिना, तोही साठ सालच्या मागंपुढं. पुढं सगळी पत्रं आणि चार-दोन भेटी. म्हटलं, "बाळा, तुझी आई आमच्या गावात नाटक करायला आली होती." तो हसलाच. रडून बसलेल्या आवाजात हसला. "आई? मावशी, तुमची काहीतरी गल्लत होतेय. आईनं जन्मात कधी नाटकात काम केलं नाही." मी म्हटलं, "काम नव्हतं केलं रे, नाटक उभं केलं होतं..." पण त्याला अजून पुष्कळ फोन करायचे होते. "बरं, बरं," म्हणून त्यानं ठेवला. मी मात्र तशीच बसून राहिले. गल्लत माझी नव्हती. आणि त्याला ठाऊक नाही ह्यात चूक त्याची नाही, तिची नाही, माझी आहे. ती कशी, तेच आज सांगायला बसले आहे.

आमचं गाव धरणाच्या पलीकडच्या काठाला. मूळ गाव पाण्याखाली गेलं, मग लोकांनी वर चढावर घरं बांधली, त्या चढावरच्या एका घरात मी सून म्हणून आले तेव्हा सतरा वर्षांची होते; नवरा मुंबईला गिरणीत. सासऱ्यांना मी मामंजी म्हणायची, गाव आबा म्हणायचं. चैत्रातल्या जत्रेला देवीपुढं नाटक व्हायचं आणि ते नाटक उभं करणं हे मामंजींचं काम. नट गावचेच, शेतातनं आलेले गडी. पण बाकीचं सगळं, पुण्याहून पडदे, पेटीवाला, बाईचं काम करायला नटी, बत्त्या, देवळापुढलं स्टेज, हे मामंजी जुळवायचे. पौडापर्यंतच्या गावांतले लोक त्यांना विचारायला यायचे. एवढं नाटकाचं घर, पण आमच्या घरातल्या बायकांनी नाटक बघायचं नाही हा दंडक. गावच्या बाकीच्या बाया देवळाच्या पायऱ्यांवर बसून बघायच्या, आम्ही माजघरात. सासूबाईंनी तीस वर्षांत एक नाटक पाहिलं नव्हतं आणि त्याचा त्यांना अभिमान होता. सुनेनं वाचणं हेही त्याच दंडकातलं. मी दुसरीपर्यंत शाळेत गेलेली. पुढचं वाचन सगळं वाण्याच्या पुड्यांच्या कागदावर, चुलीपुढं बसून, चोरून. लिहायला शिकले ती राखेत बोटानं. सासूबाई आल्या की हात फिरवायचा, झालं.

अशा घरात कुमुद आली, पुण्याची, वीस वर्षांची, सुती पातळ आणि खांद्याला पिशवी. ती नाटकाचं शिक्षण देणाऱ्या एका वर्गात जायची. तिथं दुसऱ्या वर्षी प्रत्येकानं खऱ्या नाटक करणाऱ्या माणसाच्या हाताखाली सव्वा महिना उमेदवारी करायची, रोज काय काम केलं ते वहीत लिहायचं आणि शेवटी त्या माणसाच्या सहीचा दाखला आणायचा, असा नियम होता. दाखला नाही तर पास नाही. मुलांना पुण्यातल्या मंडळ्यांनी घेतलं. हिला सगळीकडे एकच उत्तर, 'पार्ट करणार असाल तर या.' हिला पार्ट करायचाच नव्हता. मला म्हणाली, "सुमन, मला पडद्याच्या पुढं जायचंच नाही गं. तो पडदा तिथं लागला कसा, ते करायचंय." तिच्या मास्तरांची आणि मामंजींची जुनी ओळख, म्हणून ती आमच्याकडे. आणि घरी तिच्या थोरल्या भावानं सांगून ठेवलं होतं, पास झालीस तर पुढं शीक, नाही तर मार्गशीर्षात लग्न. स्थळ बघून ठेवलेलं होतं. म्हणजे त्या एका कागदावर सगळं अडलेलं.

पहिल्याच सकाळी ती पातळ खोचून, वही-पेन्सिल घेऊन पडवीत गेली. मामंजी पान जमवत होते. "आबा, तालमीला निघायचं ना?" मामंजींनी चष्म्यावरून बघितलं. "कोन? तुमी?" "हो. मी कामासाठीच आलेय." "बाई, तितं गडीमानसं. पार्ट इसरला की आईबापाचा उद्धार करत्यात. तुमच्या कानाला सोसायचं न्हाई. तुमी पावण्या, घरात बसा, खावा-प्या." ती म्हणाली, "मला शिव्या चालतात." "मला न्हाई चालत," मामंजी म्हणाले आणि काठी घेऊन गेले. वाईट माणूस नव्हता हो. रागावून बोलले असते तर तिला भांडता तरी आलं असतं. ते रोज तितक्याच प्रेमानं नाही म्हणायचे. देऊळ आमच्या परसातून चाळीस पावलांवर. तालीम सुरू झाली की एकेक शब्द माजघरात ऐकू यायचा आणि ही भिंतीला कान लावून उभी. "तो चुकला बघ... आणि कुणी सांगतच नाहीये त्याला!" सासूबाई म्हणायच्या, "पोरी, भित्तीला पोपडं हायत, पातळ भरंल. हिकडं ये, तांदूळ निवड." ती निवडायची. रात्री वहीत लिहायची. मी चोरून वाचलं होतं. 'दिवस चौथा. तांदूळ निवडले. दिवस सातवा. उडदाचे पापड. दिवस नववा. पुन्हा तांदूळ.' वाचताना मला हसू फुटलं आणि तिनं मागं वळून पाहिलं. "तुला वाचता येतं?" मी तिच्या तोंडावर हात ठेवला. त्या दिवसापासून आम्ही दोघी एकमेकींच्या झालो. तिला बाहेर जायचं होतं आणि दार उघडं असून जाता येत नव्हतं. मला तर बाहेर जायचंय हेसुद्धा तोवर माहीत नव्हतं. तिच्याकडं बघून कळलं.

मग एक झालं. मामंजींच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला, लिहायचं काम शाळेचे गुरुजी करून द्यायचे. गुरुजींची आई आजारी पडली आणि ते कोकणात आपल्या गावी गेले. जत्रा पंधरा दिवसांवर. पडदेवाल्याला पत्र नाही, नटीला निरोप नाही. तीन दिवस मामंजी येरझाऱ्या घालत राहिले आणि चौथ्या दिवशी माजघराच्या उंबऱ्याबाहेर येऊन, भिंतीकडं तोंड करून म्हणाले, "कुमुदबाई, येवडं दोन वळी लिवून द्याल का?" काय सांगू तुम्हाला, तांदळाचं सूप तिनं असं ठेवलं की अर्धे तांदूळ जमिनीवर! त्या दिवसापासून उंबऱ्याच्या बाहेर मामंजी आणि आत ती, असं नाटक उभं राहायला लागलं. पडदेवाल्याला तिनं विचारून घेतलं की जंगलाचा पडदा फाटका तर नाही ना, कारण गेल्या वर्षी त्यातनं मागचा माणूस विडी ओढताना दिसला होता. हे मीच तिला सांगितलं होतं, गावातनं ऐकलेलं. पेटीवाला कुठल्या तारखेला मोकळा, होडी कुठवर येते, पाणी आटल्यावर चिखलातनं सामान कुणी वाहायचं, सगळं तिनं मांडलं. कोण माणूस कुठल्या आळीचा, कुणाचं कुणाशी वाकडं, ते मी भाकरी थापता थापता पुरवायची. "ह्याला बत्ती धरायला लावू नको, त्याचं आन त्याचं बांधावरनं भांडान हाय." ती लिहून घ्यायची. वहीतली पानं भरायला लागली. मामंजी एकदा म्हणाले, "गुर्जीपेक्षा बेस लिवता तुमी, बाई," आणि ती रात्रभर गालात हसत होती.

आता ती यादी. आमच्याकडे नाटकाआधी मानकऱ्यांचे नारळ फुटतात. अकरा मानकरी. जत्रेच्या दिवशी नैवेद्य झाला की देवळापुढं गुरव त्यांची नावं वाचून दाखवतो आणि ज्या क्रमानं नावं, त्या क्रमानं संध्याकाळी स्टेजवर जाऊन नारळ फोडायचे. पहिलं नाव हैबतरावांच्या घरचं. धरणाचं पाणी चढत होतं तेव्हा हैबतरावांच्या वडलांनी देवीची मूर्ती डोक्यावर घेऊन छातीएवढ्या पाण्यातनं वर आणली, तो मान. मामंजींनी जेवता जेवता अकरा नावं सांगितली, जशी आठवतील तशी. कुमुदनं विचारलं, "आबा, क्रम कसा लावू?" मामंजी हात धुवायला उठले होते. "लावा की नीट," म्हणाले. गेली पंचवीस वर्षं गुरुजींना काही सांगावं लागलं नव्हतं. आणि ही शिकलेली मुलगी. तिच्या वर्गात शिकवलेलं, की नावांवरून रुसवेफुगवे नकोत म्हणून सगळी नावं वर्णानुक्रमे लिहावीत. अ पहिला, ह शेवटचा. कुणालाही बोलायला जागा नाही! तिनं सुंदर अक्षरात यादी केली आणि शाई वाळायला पाटावर ठेवली.

भाकरीच्या पिठाच्या हातानंच मी खरकटं काढायला वाकले आणि मला ती दिसली. वर अंतूबा, खालच्या आळीचा. आणि तळाला, अगदी शेवटी, हैबतराव.

मला त्याच क्षणी कळलं. शेजारी सासूबाई वाती वळत बसल्या होत्या. बोलले असते तर सुनेला वाचता येतं हे उघडं पडलं असतं. म्हणून गप्प बसले, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगितलं. पण पाणवठ्यावर आम्ही दोघीच जायचो. दोन दिवस गेले मध्ये. तिथं का नाही बोलले? एकदा वाटतं, एवढी पुण्याची शिकलेली, तिला ठाऊक असेल, मी कोण सांगणार. आणि एकदा वाटतं, तिला 'कुमुदबाई, कुमुदबाई' म्हणून उंबऱ्यावर पाट मिळाला होता आणि मी होते तिथंच, चुलीपाशी... तेच टोचत होतं की काय. खरं सांगते, अजून मला नक्की ठरवता आलेलं नाही.

जत्रेच्या आदल्या दिवशी नटी आली. इंदूबाई. चाळिशीची, तोंडात पान, चिखलातनं आल्यानं गुडघ्यापर्यंत काळी. तिला आमच्याच घरी उतरवलेलं, पण मागच्या पडवीत. सासूबाईंनी तिचं भांडंसुद्धा वेगळं काढून ठेवलं. तिनं ते बघितलं आणि म्हणाली, "लई बरं झालं. दुसऱ्याच्या ताटलीतलं मला बी आवडत न्हाई." मग कुमुदकडं बघून, "पत्रं तुमची का? मला वाटलं कोन तरी तालेवार म्यानेजर हाय. पंचवीस गावं फिरले, पर चिखलातनं न्यायला चार गडी आन पाय धुवायला गरम पानी, असं आजवर कुनी लिवलं न्हवतं." कुमुदचा चेहरा उजळला तो मला अजून दिसतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी गुरवानं यादी वाचली. आम्ही माजघरातून ऐकत होतो. पहिलं नाव अंतूबा आलं. मग खालच्या आळीतनं हलगी वाजायला लागली. एकेक नाव येत गेलं. शेवटचं आलं तेव्हा हलगीही थांबली होती. आरडाओरडा झाला असता तर बरं झालं असतं. हैबतराव उठले आणि घरी गेले, एवढंच. थोड्या वेळानं बैलांच्या घुंगरांचा आवाज आला. आमचं स्टेज म्हणजे सहा बैलगाड्या शेजारी शेजारी लावायच्या, चाकांखाली दगड आणि वर फळ्या. त्यातल्या चार गाड्या हैबतरावांच्या. त्यांच्या गड्यांनी फळ्या बाजूला काढून ठेवल्या, नीट एकावर एक, दगड काढले, बैल जुंपले आणि चारही गाड्या देवळापुढून ओढून नेल्या. मी परसातल्या कुडाच्या फटीतून बघितलं. बांबूला बांधलेला जंगलाचा पडदा वाऱ्यावर हलत होता आणि खाली काही नव्हतं.

मग हैबतराव आमच्या अंगणात आले. "आबा, यादी लावली कुनी?" मामंजी पडवीत उभे. आत कुमुद उठली. "मी सांगते. माझी चूक आहे, मी माफी मागते." सासूबाईंनी तिचं मनगट धरलं. त्यांच्या हातात एवढी ताकद असेल असं वाटलं नव्हतं. "बस खाली. मानाची यादी बाईमानसानं लावली म्हनून कळलं, तर उद्या ह्या दारात कुनी पानी पियाचं न्हाई." कुमुद माझ्याकडं बघायला लागली. मी खाली बघितलं. बाहेर मामंजी म्हणाले, "यादी माजी हाय. डोळं गेलं, आता डोकं बी गेलं म्हना." "पंचवीस वर्सं हा मान चालत आला आबा," हैबतराव म्हणाले. "आमच्या बापाची तरी आठवन ठिवायची व्हती." आणि गेले. तेव्हा कुमुदला मी त्या मूर्तीची गोष्ट सांगितली. ती भिंतीला टेकून खालीच बसली. "मला कुणी सांगितलं का नाही?" एवढंच म्हणाली. मी पाणी आणायला उठले.

पण ती काही रडत बसणारी नव्हती. पाचेक मिनिटांत उंबऱ्यापाशी गेली. "आबा, यादीच नको. अकराही जणांनी वर उभं राहायचं आणि तिसऱ्या घंटेला एकदम नारळ फोडायचे. कुणी पहिला नाही, कुणी शेवटचा नाही." मामंजी म्हणाले, "आन हैबतीचा मान?" "घंटा त्यांच्या हातात. देवी त्यांच्या घरानं वर आणली, तर नाटकही त्यांच्या घंटेनंच सुरू व्हायचं." मामंजींनी कपाळ चोळलं, म्हणाले, "आता माजं कोन ऐकतंय? माजं तोंड हाय का तितं जायाला?" कुमुद जाऊ शकत नव्हती, मी नाही, सासूबाई नाहीत. तेवढ्यात मागच्या पडवीतून इंदूबाई पान थुंकून आली. "मी जाते की. माजी काय अब्रू जायाची हाय?" आणि पदर खोचून, भर उन्हात, गावाच्या मधोमध चालत निघाली. आम्हा सगळ्या घरंदाज बायकांत मोकळी तेवढी ती.

परत आली आणि तिनं आम्हाला सगळं करून दाखवलं, हैबतरावांचा खर्जातला आवाज लावून. "बसलं व्हते ओट्यावर सुपारी कातरत. मान वर करीनात. म्हटलं, पाटील, मी कामाचा इसार घेतलाय, नाटक न्हाई झालं तरी उद्या होडीनं जानार. पर धा गावं फिरते मी, लोकं इचारत्यात. तर म्हनाले, 'सांग की काय सांगायचं ते.' म्हटलं, सांगंन, ज्यांनी देवी डोईवरनं आनली त्यांच्याच गाड्या देवीच्या दारातनं माघारी गेल्या. तवा अडकित्ता थांबला. मग घंटेचं सांगितलं. 'घंटा वाजल्याबिगर?' म्हटलं, नारळ फुटायचा न्हाई, पडदा उघडायचा न्हाई, मी बी तोंड उघडायची न्हाई. मग म्हनाले, 'हे आबाचं डोकं न्हवं. कुनाचं हाय?'" कुमुद पुढं सरकली. इंदूबाई म्हणाली, "म्हटलं, आबांचंच. झोपमोड झाली की चालतं त्यांचं." खालच्या आळीचा अंतूबा तयार झाला कारण सगळ्यांचा एकदम म्हणजे त्याचाही पहिलाच. शेवटचाही त्याचाच, हे त्याला कुणी सांगितलं नाही.

सूर्य खाली जायच्या आत घुंगरं परत वाजली. गाड्या आल्या.

नाटक आम्ही ऐकलं. माजघरात, अंधारात. कुमुद भिंतीला पाठ लावून, मांडीवर वही. पहिली घंटा झाली, तिनं खूण केली. दुसरी झाली. मग तिसरी... हैबतरावांनी जरा थांबून मारली. आणि अकरा नारळ फुटले. अगदी एकदम नाही हो, चुलीत लाह्या फुटाव्यात तसे, मागंपुढं. एकाचा फुटेचना, त्याच्यावर सगळं गाव हसलं. त्या हसण्यात दोन्ही आळ्यांचे आवाज होते. कुमुदनं माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी वाढली. पुढं रात्रभर ती पावलांच्या आवाजावरनं सांगत होती, आता राजा डावीकडून आला, आता पडदा अडकला, आता सुटला. चाळीस पावलांवर तिचं नाटक चाललं होतं.

जायच्या दिवशी तिनं दाखला मागितला. मामंजींनी खाली बघितलं. "बाई, काय लिवू? यादी माजी म्हनून गावापुढं बोललो. घंटा बी माजीच ठरली. तुमी केलं म्हनून कागुद दिला आन उद्या फुटलं, तर मी खोटा आन ह्या घराचं नाक गेलं." गुरुजी तोवर परतले होते, त्यांच्याकडून त्यांनी चार ओळी लिहून घेतल्या आणि सही केली. 'कुमारी कुमुद यांनी आमचे घरी राहून घरातील कामांत मदत केली. वर्तणूक चांगली.' तिनं वाचलं. रागावली नाही. घडी घालून वहीत ठेवलं. "आबा, खोटं काहीच लिहिलं नाहीत तुम्ही," म्हणाली आणि वाकून नमस्कार केला. मामंजींच्या डोळ्यांतून पाणी आलं. मोतीबिंदूचं म्हणून त्यांनी पुसलं.

होडीपर्यंत मी तिला पोचवायला गेले. चिखलाच्या कडेला थांबून ती म्हणाली, "सुमन, तू लिही ना. आबांनी नाही तर घरातल्या कुणीतरी लिहिलं की हिनं काम केलं, मी डोळ्यांनी पाहिलं, तर मास्तर ऐकतील. पोस्टानं पाठव. दोनच ओळी." मागं सासूबाईंची पुतणी घागर घेऊन उभी होती. मी म्हटलं, "मला कुटं लिवता येतं?"

तिला म्हटलं. जिला माहीत होतं, तिला.

तिनं माझ्याकडं पाहिलं. "बरं," म्हणाली. नावाड्यानं होडी लोटली.

मार्गशीर्षात तिचं लग्न झालं, सोलापूरला दिली. नवरा सज्जन होता, संसार नीट झाला, मुलं शिकली. लोक म्हणतील, मग काय बिघडलं? काही नाही बिघडलं. पुढल्या वर्षी तिचं पत्र आलं, जोडकार्ड. तरुण मंडळींना ठाऊक नसेल, दोन कार्डं जोडून यायची, एकावर मजकूर आणि दुसरं कोरं, उत्तरासाठी. वर माझं नाव, माझ्या नावानं आलेलं जन्मातलं पहिलं पत्र. पोस्टमननं अंगणात मोठ्यानं नाव घेतलं. मजकूर एवढाच, 'कशी आहेस? यंदा नारळ एकदम फुटले का?' कोरं कार्ड चार दिवस फडताळात पडून होतं. पाचव्या दिवशी मी ते घेतलं, पडवीत सगळ्यांसमोर बसले आणि लिहिलं. सासूबाई आठवडाभर बोलल्या नाहीत. त्यानंतर बोलायला लागल्या. एवढंच होणार होतं म्हणजे... एवढ्याचीच मला भीती होती. पण ते कळायला एक वर्ष उशीर झाला होता.

दाखल्याचा विषय तिनं पुढं कधी काढला नाही. तिच्या घरी गेले की एक गंमत दिसायची. लग्नपत्रिकेची यादी असो, कॉलनीतल्या हळदीकुंकवाची असो, ती नावं खाली खाली लिहायची नाही, गोल लिहायची, ताटाभोवती रांगोळी काढावी तशी. सुनांना वाटायचं सासूबाईंची लहर. पुढं मुलाबरोबर ती पुण्याला राहायला आली, तिथं शेवटची भेटले तेव्हा अंथरुणाला खिळलेली होती; मुलगा कामावर, त्याची-माझी गाठ कधी पडलीच नाही. खोलीची खिडकी उंचावर, पडून नुसतं आभाळ दिसायचं. म्हणाली, "सुमन, हैबतराव घंटा मारताना उभे कसे होते गं?" मी म्हटलं, "मला काय ठाऊक? मी तुझ्याजवळच होते की." दोघी हसलो. मग मी धीर करून म्हटलं, "कुमुद, मी ते लिहून द्यायला हवं होतं. आणि यादीसुद्धा मी आधी पाहिली होती." तिनं डोळे मिटले. मला वाटलं झोप लागली. मग म्हणाली, "माहीत आहे. पाटावर कडेला तुझं पिठाचं बोट उमटलं होतं." साठ वर्षं माहीत होतं तिला.

ती गेल्यावर अठरा दिवसांनी जत्रा झाली. आता आम्ही म्हाताऱ्या पहिल्या रांगेत खुर्चीवर बसतो. अकरा नारळ, एक घंटा. माइकवर सांगतात, 'आबांनी सुरू केलेली आपल्या गावची परंपरा.' मी आधीच कमिटीच्या अध्यक्षाला गाठलं होतं. नात्यानं नातूच लागतो. त्याला सगळं सांगितलं, म्हटलं, एवढं नाव घे तिचं. तो शांतपणे ऐकून घेऊन म्हणाला, "आज्जी, आबांच्या नावानं ओळख हाय ती. आता कशाला उकरायचं? कोन बाई, कुठली... बस तू, चहा सांगतो." तो वाईट नाही. मामंजींसारखाच प्रेमानं नाही म्हणाला. मी चहा घेतला. घंटा झाली, नारळ फुटले, आणि मी पुन्हा गप्पच होते.

म्हणून घरी येऊन हे लिहायला घेतलं. तिचे मास्तर आता नसणार, तो वर्गही नसेल, आणि पास होऊन करायचं ते करायला ती नाही. तरीही दोन ओळी मागितल्या होत्या, त्या लिहिते.

कुमुद हिनं आमच्या गावी सव्वा महिना राहून जत्रेचं नाटक उभं केलं. पडदे, नटी, पेटीवाला तिनं आणवले. मानाची यादी तिनं लावली, ती चुकली आणि चूक तिनंच निस्तरली. एका घंटेला अकरा नारळ ही रीत तिची आहे, आबांची नाही. नाटक तिला बघू दिलं नाही.

मी घरातली. मी डोळ्यांनी पाहिलं.

सुमन